सासर मानवलं

"अजून काही नाहीये, पण व्हायचंय. म्हणून आधीच सांगतेय."

मे महिन्यातला रविवार. जेवणं उरकून आम्ही तिघी जावा सतरंजीवर लोणच्याच्या कैऱ्या घेऊन बसलो होतो. धाकटीच्या लेकीने दारातच चप्पल काढता काढता हे सांगितलं आणि मोठ्या वहिनींच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला.

"म्हणजे दिवस गेलेत की नाही गेलेत? एक काय ते सांग."

"नाही गं, मोठी काकू. सहा महिन्यांनी बघू म्हणतोय. त्याआधी वजन उतरवायचंय, साखर जागेवर आणायचीय. डॉक्टर म्हणाल्या, राहिल्यावर येण्यापेक्षा आधी आलीस ते बरं."

"काही नसताना डॉक्टरकडे?" वहिनींनी कैरी ठेवली. "आम्ही तर पाळी दोनदा चुकेपर्यंत सासूबाईंनासुद्धा सांगत नव्हतो."

खरंच नव्हतो. आमच्या पिढीच्या या घरात पाच जणी, तीन जावा आणि दोन नणंदा. १९७६ ते १९९६ या वीस वर्षांत पाच जणींची मिळून दहा बाळंतपणं झाली. दहाही वेळा बाईकडे लक्ष जायला सुरुवात झाली ती बातमी कळल्यावरच. मग मात्र काही विचारू नका. चोरओटी, लोणच्याची फोड, 'जड उचलू नकोस', 'जिना सावकाश उतर', सातव्यात फुलांची वाडी, हातात फुलांचं धनुष्य, झोपाळ्यावर फोटो, आणि त्या दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. अभिमन्यूने पोटात असताना काय ऐकलं हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. सुभद्रा त्याच्या आधीच्या वर्षी काय खात होती, याची चौकशी कोणी केली नव्हती.

ते आधीचं वर्ष आमच्याकडे कसं जायचं, हे त्या दुपारी कैऱ्या चिरताना एकेक करून निघालं.

लग्न ठरलं की केळवणं सुरू. मावशीकडे, आत्याकडे, वडिलांच्या ऑफिसातल्या साहेबांकडे. प्रत्येक ठिकाणी एक गोड पदार्थ आणि 'आता काय, सासरी कोण आग्रह करणार' असं म्हणून वाढलेली दुसरी वाटी. मग लग्न, सत्यनारायण, नवी सून म्हणून नातेवाईकांकडची जेवणं. मग पहिलं वर्ष. श्रावणात मंगळागौर, दिवाळसण, संक्रांतीचा हलवा, प्रत्येक सणाला पुरण नाहीतर श्रीखंड. मंगळागौरीला निदान रात्रभर फुगड्या आणि झिम्मा तरी असायचा. बाकीच्या सणांना बसून खायचं. वर्षभराने माहेरी गेलं की ब्लाउजच्या शिवणी उसवून घ्याव्या लागत. आई त्या उसवतानाच शेजारणीला सांगायची, "सासर मानवलं हो आमच्या मुलीला!"

सासर मानवलं म्हणजे सुटली. सुटली म्हणजे सुखात आहे. वाळली असती तर काहीतरी बिनसलंय अशी शंका आली असती. माझं लग्न १९७९ चं. वर्षभरात मी अकरा किलोंनी मानवले होते आणि त्याबद्दल दोन्ही घरांत समाधान होतं. त्याच सुमारास दिवस जायचे. म्हणजे दोन जिवांचं खायला सुरुवात करण्याआधीच एका जिवाने दोघांचं खाऊन ठेवलेलं असायचं.

माईंची, म्हणजे आमच्या सासूबाईंची गोष्ट वेगळी. घर मूळ मंगळवेढ्याचं. तिकडे असताना पहाटे चारला जात्यावर बसायचं, दोन पायली मालदांडी दळून झाली की उजाडायचं. पुढे पुण्यात आल्यावर जातं सुटलं, गिरणी आली. पण नारायण पेठेतल्या वाड्यात आमचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आणि नळ खाली चौकात. पाण्याच्या कळशा, धुण्याच्या बादल्या, रॉकेलचा डबा, सगळं त्या अंधाऱ्या लाकडी जिन्याने वर. पाटा-वरवंटा होता. भाकरी दोन्ही वेळा. माईंच्या अंगावर चिमूटभर चरबी नव्हती, आणि साखर तर त्यांना शेवटपर्यंत झाली नाही.

आता इथेच थांबून 'जुनं ते सोनं' म्हणायचा मोह होतो. आमच्या थोरल्या वन्सं म्हणतातच. पण मी माईंना जेवताना पाहिलंय. सगळ्यांची पानं उठल्यावर त्या बसायच्या. भाजीच्या पातेल्यात तळाला राहिलेला रस्सा, त्यात मोडलेली भाकरी, आणि दूध मुलांना पुरलं तर हातावर घोटभर. पोटुशी असतानाही तेच. आठ बाळंतपणं, जगले पाच. जी जगली तीही, त्यांच्याच शब्दांत, 'बेडकीएवढी'. आमचे हे जन्मले तेव्हा सुपात ठेवून कापसात गुंडाळले होते म्हणे. माईंच्या आयुष्यात व्यायाम भरपूर होता, ज्वारी होती, मिठाई नव्हती. वर पुरेसं अन्नही नव्हतं. त्याला जीवनशैली म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि यातली खरी मेख आम्हाला पोरीने त्या दिवशी दाखवली. फोनवर एक फोटो काढला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली छापून आलेला फोटो. उंचीच्या मानाने वजन काढायचं जे गणित असतं, बीएमआय, तो दोघांचाही २२.३, अगदी सारखा. पण अंगातली चरबी साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२.

"बघ," ती म्हणाली, "काट्यावर सडपातळ, आतून जाड. आपण सगळे असेच."

याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका गर्भार राहण्याआधीपासून नोंदल्या, पुढे त्यांची बाळं मोजली. त्या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोंची. आपलं बाळ सगळ्या मापांत लहान: पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत. म्हणजे उपासमारीतल्या आईला बाळाला बाकी काही द्यायला जमलं नाही तरी तिने चरबी राखून दिली. अशी कापसात गुंडाळलेली बाळं मोठी झाली, त्यांच्या हाती लूना आली, आणि पुढे जे झालं ते आमच्या घरात झालं.

लूनाबद्दल बोलायलाच हवं. मी माहेरहून सायकल घेऊन आले होते. लाल, चेनकव्हर असलेली, पुढे वेताची बास्केट. टेलिफोन खात्यात नोकरी. नारायण पेठेतून रोज जाऊन-येऊन चांगले आठ किलोमीटर. तेव्हाच्या पुण्यात त्यात काही विशेष नव्हतं, अख्खं शहर सायकलवर होतं. १९८२ मध्ये ह्यांनी मला लूना घेऊन दिली. किती कौतुक! वाड्यातल्या सगळ्या बायका चौकात जमल्या, माईंनी हळदकुंकू वाहिलं. पुढे लूनावरून कायनेटिक होंडा. त्याच पाच-सात वर्षांत मिक्सर आला, पाटा बोळात गेला. गॅसचा नंबर लागला. ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक होऊ लागल्यावर उठबस संपली. टीव्ही आला, आणि गावची जमीन वाटणीत विकली गेल्यावर ज्वारीचं पोतं यायचं बंद झालं. त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. पाहुण्यांपुढे भाकरी ठेवायची तशीही लाज वाटायला लागली होती. रेशनचा गहू, मग सरबतीचा गहू, पोळी, भात, आणि चारच्या चहाबरोबर बेकरीची खारी. ऑफिसात तर प्रत्येक टेबलाच्या खणात बिस्किटांचा पुडा. आठ तास खुर्चीत, कानाला हेडफोन, आणि दर वाढदिवसाला सामोसा-वेफर-बर्फी. १९९४ मध्ये वाडा पडला, त्या जागी इमारत झाली आणि दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट आली.

यातली एकही गोष्ट मी परत करणार नाही. तो जिना आठवला तरी माझे गुडघे दुखतात. पण एकेक कष्ट उतरला तशी खाण्यातली एकही गोष्ट उतरली नाही, हा आमचा हिशेब चुकला. जातं गेलं, दिवाळसणाचं ताट तेवढंच राहिलं.

साखर आमच्या घराला नवी होती असंही नाही. सासऱ्यांना, अण्णांना, होती. आणि घरात तिची प्रयोगशाळाही होती. मोरीच्या कट्ट्यावर एक स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, दोन काचेच्या नळ्या आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली. रोज सकाळी अण्णा नळीत पाच मिलिलीटर निळं औषध घ्यायचे, त्यात ड्रॉपरने मोजून आठ थेंब लघवीचे, आणि मग चिमट्यात धरून दिव्यावर तापवायचे. आम्ही सुना स्वयंपाकघरातून कान देऊन. निळं ते निळंच राहिलं तर अण्णा गुणगुणत अंघोळीला जायचे. हिरवं झालं तर गप्प. पिवळं झालं तर माईंकडे बघायचे. विटकरी झालं की नळी सगळ्यांना दाखवायचे, जणू आम्हीच रात्री उठून त्यांच्या तोंडात पेढा घातला होता. मग काचेची सिरिंज पातेल्यात उकळायला जायची. फ्रिज येईपर्यंत इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलेली असे. मडक्यातलं पाणी प्यायला बंदी होती, का ते कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही समजलो होतो की साखर लागते.

ते बावळटपण वाटेल, पण १९८९ मध्ये धाकटीला सातव्या महिन्यात साखर निघाली तेव्हा माईंचं पहिलं वाक्य तेच होतं: "ह्यांची हिला कशी लागली?"

धाकटी लग्न होऊन आली ती आम्हा सगळ्यांत देखणी, गुटगुटीत. तिच्या आईला साखर होती. पत्रिका जुळवताना नाडी बघितली, गण बघितला, मंगळ बघितला. आईच्या साखरेची गोष्ट मात्र दिवस गेल्यावर बोलता बोलता कळली आणि कोणी मनावर घेतली नाही. लग्नापासून पहिल्या बातमीपर्यंत दोन वर्षं गेली, कारण तिची पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी. आज त्याला पीसीओएस म्हणतात आणि साखरेच्या तक्रारीशी त्याचं सख्खं नातं आहे हे कुठलीही मुलगी सांगेल. तेव्हा तिला 'अंगात उष्णता आहे' म्हणून गुलकंद चालू होता. दोन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, चमचा भरून.

मग दिवस गेले. सहाव्यापासून तिला तहान लागायची, रात्री चारदा उठायची. गर्भारपणात उठावं लागतंच, आम्हीच तिला समजावलं. अण्णांनी आपल्या नळीत एकदा तपासून पाहिलं होतं, हिरवट झालं, तर वैद्यकीय शिक्षण झालेल्या एका नातेवाइकांनी सांगितलं की गरोदर बाईच्या लघवीत कधीकधी अशी साखर उतरते, घाबरायचं कारण नाही. हे चूक नव्हतं. मूत्रपिंडं त्या काळात साखर लवकर सोडतात, म्हणून लघवीवरून काही ठरवता येत नाही; रक्त बघावं लागतं. ते बघायला सातवा उजाडला. डोहाळजेवण होऊन आठ दिवस झाले होते. फ्रिजमध्ये पेढे होते अजून.

इन्सुलिन सुरू झालं. पोटातल्या पोराला सुया टोचतात म्हणून माई दोन दिवस जेवल्या नाहीत. मुलगा झाला, चिमटे लावून, ४.१ किलोंचा. वाड्यात अशी बाळसेदार मूर्ती कोणी पाहिली नव्हती. आम्ही पेढे वाटले. तिकडे दवाखान्यात मात्र दर काही तासांनी नर्स येऊन त्याची टाच टोचत होती. आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाला मिळत असते, तिला तोंड देताना बाळाचं स्वतःचं इन्सुलिन वाढलेलं असतं. नाळ तुटली की साखर एकदम बंद, इन्सुलिन चालूच. मग बाळाची साखर कोसळते. गुटगुटीतपणाचा तो अर्थ आम्हाला फार नंतर कळला.

चौथ्या दिवशी धाकटीची साखर व्यवस्थित झाली. घरी येताना कोणीतरी म्हणालं, "गेली बाई एकदाची!" दवाखान्यातून निघताना दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासा, आणि पुढच्या वेळी दिवस जायच्या आधी या, असं सांगणारं कोणी नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि आम्ही ऐकलं नसेल. आम्ही डिंकाचे लाडू वळण्यात होतो. खारीक, खोबरं, खसखस, गूळ, आणि तूप कढईत इतकं की डिंक त्यात पोहत फुलायचा. चाळीस दिवसांचे लाडू आम्ही तीन महिने पुरवले. पुढची सात वर्षं तिच्याजवळ होती. सात वर्षांत वजन नऊ किलोंनी वाढलं, लिफ्ट आली, आणि १९९६ मध्ये दुसरी खेप: ही मुलगी. साखर पुन्हा आली, या वेळी पाचव्यातच. त्यानंतर पाच वर्षांनी चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय म्हणून डोळे तपासायला गेली तर साखर कायमची मुक्कामाला. वय एकोणचाळीस.

मला राहून राहून ती सात वर्षं दिसतात. ज्या काळात काही करता आलं असतं तो सगळा काळ आम्ही 'आता काही नाही ना' म्हणून घालवला.

"आई, तुझी चूक नव्हती गं," पोरगी म्हणाली. धाकटी कैरीच्या कोया गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

मग पोरीने आम्हाला समजावलं, आमच्याच भाषेत. गर्भारपणात वार जी संप्रेरकं सोडते, त्यांनी आईच्या अंगातलं इन्सुलिन बोथट होतं. ते मुद्दामच असतं, बाळाला साखर मिळावी म्हणून. दुसरं अर्धं गर्भारपण लागलं की स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट काम पडतं. ज्याच्याकडे ताकद शिल्लक आहे ते करून जातं. ज्याचं इन्सुलिन पोटावरच्या आणि यकृतातल्या चरबीने आधीच बोथट झालंय, ते तिथे मोडतं. म्हणजे परीक्षा सातव्यात, अभ्यास त्याआधी. दिवस गेल्यावर व्यायाम-आहार सुरू करून बघितलेले मोठे प्रयोग झालेत. ऑस्ट्रेलियातला 'लिमिट', इंग्लंडमधला 'अपबीट'. दोन्हींत या साखरेचं प्रमाण काही कमी झालं नाही. उशीर झालेला असतो हे एक कारण असावं.

"आणि आधी केलं तर होतं?" मी विचारलं.

त्यावर तिने मुंबईची गोष्ट सांगितली, आणि ती मला फार आवडली, कारण ती शोधायला गेले एक आणि सापडलं दुसरंच अशी आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून साडेसहा हजार बायकांवर एक प्रयोग झाला, नाव 'सारस'. लग्न झालेल्या, पण दिवस न गेलेल्या बायकांना रोज एक खाऊ द्यायचा. औषध नाही, गोळी नाही; सामोशासारखं, वडीसारखं काहीतरी. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळ, दूध. निम्म्यांच्या खाऊत बटाटा-कांदा वगैरे. केंद्रावर येऊन समोर खायचा, दिवस जाईपर्यंत आणि गेल्यावरही. बाळांचं वजन वाढावं हा हेतू. एकूण गटाचं वजन काही फारसं वाढलं नाही. पण आयांची साखर तपासली तेव्हा बटाट्याच्या गटात १२.४ टक्के बायकांना गरोदरपणातला मधुमेह, आणि पालेभाजीच्या गटात ७.३.

"मेथी-पालकाने?" मोठ्या वहिनी.

"मेथी, पालक, चवळी, शेवगा. रोज. आणि महिनोन् महिने आधीपासून."

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माई सारख्या म्हणायच्या, पालेभाजी निवडायला बसा गं. आपल्याला निवडायचा कंटाळा."

अमेरिकेतल्या हजारो नर्सेसच्या नोंदींतूनही तसंच निघालंय म्हणे. वजन आटोक्यात, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम, बरं खाणं आणि धूम्रपान नाही, हे सगळं आधीपासून असतं तर जवळजवळ निम्म्या बायकांची ही साखर टळली असती. निम्म्या. उरलेल्या निम्म्यांचं काय, हेही लक्षात ठेवायला हवं. सगळं नीट करून साखर निघालेल्या मुलीला 'तूच खाल्लं असशील' म्हणायला आपल्याकडे माणसांची कमतरता नाही.

तर तिचे सहा महिने सुरू झाले. पाच फूट दोन इंच उंची, ७१ किलो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ५.८, म्हणजे उंबऱ्यावर. बी-बारा कमी, शाकाहारी घरात ते ठरलेलंच. आईकडून साखर, बाबांकडून, म्हणजे अण्णांकडून, साखर. शिवाय स्वतः साखरेच्या पोटातली. डॉक्टरांनी फॉलिक अॅसिड आणि बी-बारा सुरू केलं, थायरॉइड बघितलं, आणि 'पाच-सहा किलो उतरले तरी पुष्कळ' म्हणाल्या. मला हे पटलं. आमच्या ऑफिसातल्या मुली वीस किलोंच्या बाता करायच्या आणि तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये दिसायच्या.

तिने फार काही अचाट केलं नाही. रात्रीचा भात बंद, दुपारचा एक मूद. मी तिला भाकरी थापायला शिकवली. पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राचे, मग भारताचे नकाशे झाले, तिसऱ्या आठवड्यात गोल. मोड आलेली मटकी, पिठलं, दही, आणि पालेभाजी निवडायचा कंटाळा म्हणून रविवारी आम्ही तिघी बसून आठवड्याची निवडून देत असू. चहातली साखर चमच्यावरून अर्ध्यावर, मग शून्यावर. जेवल्यावर सोफ्यावर न पडता दहा-पंधरा मिनिटं गच्चीत फेऱ्या. चालताना मांडीचे स्नायू रक्तातली साखर आपणहून ओढून घेतात, त्यांना इन्सुलिनची फारशी मनधरणी करावी लागत नाही, हे तिने आजूबाजूच्या चार जणींना इतकं पटवलं की गच्चीवर आता गर्दी असते. जावईही तिच्याबरोबर चालतात. आमच्या वेळी बापाने फक्त पेढे आणायचे असत.

शनिवार-रविवार पर्वती. एकशेतीन पायऱ्या. धाकटीही जायला लागली. आधी निम्म्यावर बसायची, खालून वर बघत, पोरगी वरून खाली बघत.

सगळं सुरळीत झालं असं नव्हे. गणपतीत मोदक होते. दोन नव्हे, पाच खाल्ले तिने, मी मोजले. दिवाळीला सासरी पहिला दिवाळसण, तिकडे सासूबाईंनी तिच्याकडे बघून काळजीने विचारलं, "किती वाळलीस गं! काही त्रास आहे का आमच्याकडे?" आता या माउलीला काय सांगणार? तिने सांगितलं. ते ऐकून त्या आत गेल्या आणि रक्ताच्या तपासणीचा स्वतःचा कागद घेऊन बाहेर आल्या, तीन वर्षं कपाटात ठेवलेला. त्यावर एकशेसत्तर होतं.

डिसेंबरात काटा ६५ वर आला आणि एचबीएवनसी ५.५ वर. फेब्रुवारीत बातमी आली. या वेळी पाळी दोनदा चुकायची वाट कोणी पाहिली नाही.

पहिल्याच भेटीत ग्लुकोजची चाचणी. धाकटीबरोबर मीही गेले. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज, पेलाभर पाण्यात, उपाशी असा की जेवलेल्या. दोन तासांनी एकदाच रक्त. ही साधी पद्धत चेन्नईच्या डॉ. शेषय्यांनी आपल्याकडच्या बायकांसाठी रेटून धरली, दूरवरून येणाऱ्या गर्भार बाईला उपाशी पोटी पुन्हा ये म्हटलं तर ती परत येत नाही म्हणून. त्यांचा वाढदिवस, १० मार्च, आता याच आजाराच्या जागृतीचा दिवस असतो. लॅबच्या भिंतीवर त्याचं पोस्टर लावलेलं होतं.

पोरीने लिंबू पिळून ते पाणी पाच मिनिटांत संपवलं आणि डोळे मिटून बसली. अर्ध्या तासात उलटी झाली तर सगळं उद्यावर जातं. धाकटी तिच्या पाठीवर हात ठेवून होती. बाकडं लोखंडी, भोकाभोकांचं. एक तास झाल्यावर धाकटी मला हळूच म्हणाली, "वहिनी, अण्णांची ती नळी होती ना, हिरवी झालेली. मला कोणी दाखवलीच नव्हती. स्वयंपाकघरातून ऐकलं मी."

११८. एकशेचाळीसच्या आत. चोविसाव्या आठवड्यात पुन्हा यायचं, तेव्हाच खरं काय ते कळणार, असं बाई म्हणाल्या. आम्ही रिक्षात बसतोय तोच मोठ्या वहिनींचा फोन. आकडा ऐकून झाल्यावर लगेच पुढचं:

"मग डोहाळजेवणाला पेढा-बर्फीच्या वाट्या ठेवायच्या की नाही?"

पोरीने फोन हातात घेतला. "ठेवा ना मोठी काकू. उघडेन मी, खातील बाबा."

"अगं, त्याची कालची जेवणानंतरची एकशेनव्वद आहे!"

"मग रिकाम्याच ठेवा," धाकटी म्हणाली, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.